भिंतीवरची तारीख

पाठीवर पंप, हातात गेरूचा डबा
आणि पत्र्याचा साचा, मधे कापलेली तीन अक्षरं : डी. डी. टी.
फवारलं की शिक्का मारायचा, खाली तारीख.
एवढीच नोकरी. हंगामी.
रोजचे साडेचार रुपये, बूट नाहीत.

बोरझिऱ्यात शिरलो तेव्हा
कानबाई दोन दिवसांवर होती.
भिंती ओल्या, पांढऱ्या मातीनं नुकत्या पोतारलेल्या,
जात्यापाशी रोटांचे गहू सव्वाच्या मापाचे,
त्यावर फडकं, फडक्यावर दगड.
आणि उंबऱ्यात आडवी बसलेली हिरकणबाई.

"डास मरतस का नही, देवले माहीत.
गये साल मन्ही मांजर मरी गई.
मंग उंदीर उनात.
मंग कणगीतली दादर गई."

ठोसर साहेब म्हणाले, बाई, हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे.
"मंग राष्ट्रले सांग, रातभर आठे नीज."

गल्ली हसली. मग हसणं थांबलं
आणि दारादारात बाया बसल्या,
कुणी तांदूळ निवडत, कुणी नुसतीच.
दगा आप्पा म्हणाला, ढेकूण तर दुप्पट झाले.
एका पोरानं काडेपेटी उघडून दाखवली,
आत वाळलेली पाल.
साहेबांनी पालीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.
"एकशे बारा घरं. संध्याकाळपर्यंत आटप.
रजिस्टर कोरं दिसता कामा नये."
जीप चोपड्याकडे गेली. धूळ बराच वेळ बसली नाही.

माझा भाऊ थंडीतापानं गेला होता.
चार गोधड्या टाकल्या तरी खाट वाजत होती.
म्हणून धरली होती ही नोकरी,
असं मी सांगतो.
साडेचार रुपयांचं सांगत नाही.

हिरकणबाईनं पाणी दिलं, वरून, तांब्यानं.
म्हटलं, आजी, शिक्का तरी मारू द्या.
तिनं विचार केला.
"शिक्काले वास येस का?"
नाही.
"मंग मार. बाहेरथून मार."

एकशे बारा भिंती, पंप कोरडा.
२६-७-७४, २६-७-७४, २६-७-७४.
एक पोरगी मागं लागली, मला मारू दे.
दिला साचा. तिचा शिक्का तिरपा उठला.
रजिस्टरात तो सरळच आहे.

पण पुडे होते ना.
अकरा पुडे पावडर. तालुक्याला
रिकाम्या पिशव्या मोजून घ्यायचे.
रात्री अनेरच्या डोहावर गेलो.
ओतत गेलो, पाणी दुधासारखं होत गेलं,
मग अंधार झालं, मग नुसतं पाणी.
पिशव्या झटकल्या, घडी घातली.
गावात बाया जागत होत्या, कानबाईची गाणी घोळवत.
वाटलं, सगळ्यांचं भलं झालं.
इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या पावसाळ्यात गावात तिघं तापले.
एक उठला नाही.
फवारलं असतं तर?
मांजरं मेली असती, हे नक्की. बाकीचं नक्की नाही.

सकाळी बाहेर पडलो तर काठावर गर्दी.
मासे उलटे, पोटं पांढरी, दूरवर.
रामसिंग भिलाची पोरं धोतराच्या झोळीत भरत होती,
खूष, ओरडत,
देवानं दिले, देवानं दिले.

मी धावलो. म्हटलं, खाऊ नका.
थोरल्यानं विचारलं, का?

रजिस्टरात औषध भिंतीवर होतं.
खाली सही माझी,
वरती साहेबांची.
पोरगा मासा हातात धरून
उत्तराची वाट पाहत उभा.