कार १

नियमात वाहनतळ लागतो,
म्हणून पौनीकर बाईंच्या प्लॉटवर मी एक गाडी काढली.
अडीच मीटर बाय पाच मीटर.
कोपरे गोल, चाकं नाहीत, काचा नाहीत,
पोटात लिहिलं : कार १.

बाईंकडे गाडी नव्हती.
मुलाची सायकल होती, सीताफळाला टेकलेली,
मुलगा हैदराबादला.
"गाडी काहून काढली भाऊ?
समोर मेट्रो आहे न. चारशे वीस पावलं.
दोनदा मोजली मी,
एकदा चप्पल घालून, एकदा अनवाणी."
दोन्ही वेळा सारखीच भरली,
याचं त्यांना कोण कौतुक.

मी म्हटलं, बाई, नासुप्रला पावलं दिसत नाहीत.
गाडी दिसते.

वासुदेव नगरात आता भाडं पावलांवर ठरतं.
शंभराच्या आत सहा हजार,
तीनशेपर्यंत पाच,
नाल्यापलीकडे साडेतीन,
अंधाराचे वेगळे पैसे कापत नाहीत.
टेंभरे दलाल स्वतः मोजून दाखवतो,
ढांगा टाकत पुढे.
मागून भाडेकरू येतो बॅग घेऊन,
त्याची नेहमी जास्तच भरतात.

जगतराम आला राजनांदगावकडून,
बिसाहिन आणि चार वर्षांची पोर घेऊन.
आधी टिनाखाली राहिले, सिमेंटच्या पोत्यांशेजारी.
तळमजल्याचा स्लॅब पडला तसे आत,
मग पहिल्यावर, मग दुसऱ्यावर,
इमारतीसोबत चढत गेले,
प्रत्येक खोलीत पहिली पोळी त्यांची भाजली.
पुट्टी सुरू झाली त्या दिवशी
घमेली उलटी करून डोक्यावर घेतली आणि
जयताळ्याच्या साइटवर गेले.

पोरीनं जिन्याच्या भिंतीवर कोळशानं मेट्रो काढली होती.
सात डबे. खरीला तीनच आहेत.
रंगाचा एक हात झाला, दुसरा झाला,
तिसऱ्याआधी बाईंचे पैसे संपले.
उन्हं कलली की डबे अजून दिसतात.

नऊ खोल्या, नऊ ओटे.
एमआयडीसीतला वेल्डर, रात्रपाळीचा.
खापरीकडच्या दवाखान्यातली नर्स, शबिस्ता,
जिला आधीच्या सहा घरी
खोली "आत्ताच गेली" होती.
बाईंनी तिला एवढंच विचारलं,
"पहाटेचं गेट तू उघडशील न? मले झोप लागते तवा."
स्पर्धा परीक्षेच्या दोघी,
त्यांच्या खिडकीतला दिवा
बहुतेक शेवटच्या गाडीनंतर विझतो.

त्याच सुमारास धंतोलीतली माझी खोली
एका हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये गेली.
अकरा वर्षं राहिलो होतो.
दुसऱ्यांच्या बेडरूम काढून काढून
पाठीला बाक आला होता तिथे.

आणि बाईंचा फोन :
"त्या गाडीच्या जागेले दार बसवून घेतलं.
मोरी पण काढली कोपऱ्यात.
कोणी असंन तर सांगा."

मीच होतो.

पलंग बरोबर बसतो.
उशी ड्रायव्हरच्या सीटवर येते,
गॅस डिकीत.
वरून मेट्रो गेली की भांडी थरथरतात, असं लोक म्हणतात.
तसं काही होत नाही.
एवढंच की पुलाची सावली भर दुपारी
दाराशी येते, थांबते,
कुणाला तरी न्यायला आल्यासारखी.

मी रोज मोजतो, स्टेशनच्या जिन्यापासून.
चारशे एकतीस.
वरची अकरा कुठली, ते नकाशात सापडत नाही.

परवा भाडं द्यायला वर गेलो.
पावती मागितली.
बाई हसल्या, चहा ठेवला,
म्हणाल्या, "गाडीले पावती असते काय भाऊ?
अन् हे पहा, तपासणीवाले येऊन राहिले पुढच्या हप्त्यात.
तेवढा एक दिवस
जरा गाडीसारखं राहा."

मी हो म्हणालो.
तसंही नकाशात
मी तिला हॉर्न काढला नव्हता.