यानिनाचं कोपर

तुझा चेहरा मला धड आठवत नाही, यानिना.
सोळा वर्षं तू माझ्या पाठीमागे होतीस,
पाठराखीण असावी तशी.
आठवतं ते कोपर.
डाव्या बाजूला, शेवटच्या दोन बरगड्यांच्या मधे,
पंचांची नजर चुकवून
हळूच टेकलेलं,
ओळखीच्या घराचं दार वाजवावं तसं.
आणि श्वास,
सकाळी प्यायलेल्या मातेचा कडवट हिरवा वास.

रोसारिओच्या दक्षिणेला, रेल्वेच्या गोदामामागे
पहिल्यांदा भेटलो आपण.
मैदान म्हणजे नुसती माती
आणि कोपऱ्यात कुणाचा तरी बांधलेला घोडा.
कॉर्नर घ्यायचा तर आधी घोडा हलवायचा.
तुमच्या अंगावर पुरुषांच्या तिसऱ्या संघाच्या जुन्या जर्सी,
बाह्या वर दुमडलेल्या,
म्हणून तर ते कोपर उघडं, टोकदार.
तू अठरा वर्षांची. मी वीस.
गोलकडे वळले आणि तोंडात माती.
हात देऊन उठवलंस मला. म्हणालीस,
"डावीकडेच वळतेस तू."

उजवीकडे वळायला मला तीन वर्षं लागली.
तुला ते कळायला एक सामना.

माझ्या पाठीवर नऊ नंबर
आणि माझ्याच नाकी नऊ!
आई हसायची. तिच्याकडे वही होती,
माझे गोल तारखेसकट लिहिलेले, एकशे बारा,
पेनल्टीचे वेगळ्या शाईत.
तुझ्या आईकडे काय असणार?
न झालेला गोल कुठे लिहितात?

मी लिहीत होते.
हे तुला कधी सांगितलं नाही.
बेकरीच्या बिलांच्या मागच्या बाजूला, रात्रपाळी संपवून:
"बावन्नावं मिनिट, बूट मधे घातला."
"शेवटच्या क्षणी आडवी पडली. दात लागला."
"काही केलं नाही. नुसती उभी राहिली. मीच चुकले."
अशी एक्केचाळीस बिलं.
बिस्किटाच्या डब्यात आहेत.

तू तेव्हा कोंबड्यांच्या कारखान्यात,
पहाटे चारला पट्ट्यासमोर उभी,
पंख, मांडी, पंख, मांडी,
संध्याकाळी त्याच पायांवर सराव.
बुटाचा तळ इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपने बांधलेला.
एकतिसाव्या वर्षी क्लबने कचेरीत बोलावलं,
आठ जणींना करार.
सुरीने कापलेल्या अंगठ्याला पट्टी होती,
सही वाकडी आली म्हणे.
पगार हातात पडला तरी
दोन महिने कारखाना सोडला नाहीस.
तुझा विश्वास बसत नव्हता;
चेंडू येतोय असं वाटलं म्हणून
जागा सोडणाऱ्यातली नव्हतीसच तू.

मग तो मार्चमधला रविवार.
एेंशीव्या मिनिटाला लांबून चेंडू आला,
मी तो छातीवर घेतला, आणि वाट पाहिली.
कोपर आलं नाही.

उजवीकडे वळले. समोर गोलरक्षक, रिकामं गवत.
आणि मी काय केलं माहीत आहे?
मागे वळून पाहिलं.
तू बसली होतीस, गुडघा दोन्ही हातांत धरून,
मावळतं ऊन नेमकं तुझ्या मागे,
चेहऱ्याच्या जागी फक्त अंधार.
त्यातून ओरडलीस,
"मार ना, बावळट!"

मारला.
आईच्या वहीत तो एकशे तेरावा आहे.
माझ्या डब्यात त्या तारखेचं बिल:
"यानिना आली नाही."

परवा पावाच्या रांगेत उभी होते,
गल्ल्यापलीकडे नाही, अलीकडे; आता मीही गिऱ्हाईक.
हातात पिशवी, डोक्यात भाड्याचा हिशोब.
डाव्या बरगडीखाली काहीतरी टेकलं.
मागे वळले नाही.
म्हणाले,
"नंबर माझा आधी आहे, यानिना."

रांग पुढे सरकली.
तू नाही सरकू दिलंस.