कोबी पिळून

सोमवार. डब्यात कालचा बटाटा,
परवाचा कोबी, कढीलिंब काळवंडलेला,
आणि चार मटार,
कुठल्या भाजीतले ते आठवत नाही.

तू गेल्याला तीन महिने झाले,
हात अजून एकट्याच्या मापावर येत नाही.
वाटीभर म्हणता दीड होते
आणि उरतं.

तू लीड्सहून सांगितलंस, इथंही उरतं हो.
ऋजुताची शेजारीण, हॅरपबाई,
रविवारच्या जेवणातलं उरलंसुरलं
सोमवारी तव्यावर थापते.
आणि नाव काय, तर बुडबुड आणि चूं.
नावात भाजी नाही, बटाटा नाही,
नुसता तव्याचा आवाज.
तू हसलीस.
मी वहीत लिहून घेतलं,
दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

आज सुदामा नगरात सकाळचे सात,
तुझ्याकडे रात्रीचे अडीच.
बाळाला खांद्यावर टाकून
तू अंधारात फेऱ्या मारत असणार.
बिडाचा तवा चढवला, तेल सोडलं,
सगळं हातानंच कुस्करलं,
शिळी पोळी कुस्करतात तसं.
फोन तव्याजवळ धरला.
ऐक.

बुडबुड झाली.
चष्म्यावर वाफ आली.
चूं मात्र येईना.
उलथन्यानं दाबलं, खरवडलं, पुन्हा दाबलं.
आपल्या न्हाणीघराचं दार
नको तेव्हा वाजतं,
हे हवं तेव्हा गप्प.

पलीकडून तू, कुजबुजत:
कोबी पिळून घेतला नाहीत ना?
पाणी राहिलं की नुसतं रडतं ते,
बोलत नाही.

मग बाळ उठलं. मग फोन बंद.

वरून मी जीरावन भुरभुरलं.
हॅरपबाईंना चालेल न चालेल,
इंदूरच्या तव्यावर इंदूरचा कायदा.
उभ्यानंच खाल्लं, उलथन्यावरून.
खाली धरलेला काळा थर
सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू.

साडेसातला गाणं वाजवत कचरागाडी आली.
हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा.
शकुनबाईनं हिरवा तिरका करून पाहिला.
तीन महिने माझी वरची अर्धी वाटी
तीच तर नेत होती.
"बाबूजी, गीला इतना कम?"
"बना लिया," मी म्हटलं.
"क्या बनाया?"

नाव सांगायला तोंड उघडलं
आणि गाडीचं मागचं झाकण मिटताना
असं काही किंचाळलं, लांबलचक, खणखणीत,
की ती कानावर हात ठेवून हसत पुढे गेली
आणि मी रिकामा डबा घेऊन तसाच फाटकात.

आत आलो.
वहीत हिशेबाखाली एक शब्द वाढवला:
पिळून.