हात लावू नये

गोकाकच्या अलीकडं
कमानींखालून ओढा जातो, वरून पाट.
शंभरावर वर्षं झाली,
दोन्ही पाण्यांची गाठ नाही.

दुंडाप्पा पाटकरी रिटायर होऊनही येतो,
आज्ज्यानं गूळ-बेलफळ घालून मळलेला चुना
कुठं सुटला का, बोटानं चाचपतो.

परवा फलक लागला. निळा.
वर कन्नड, खाली इंग्रजी:
संरक्षित वास्तू. हात लावल्यास दंड.

‘मराठीत काय लिवलंय?’
‘काही नाही.’
‘मग मला लागू न्हाई.’

कन्नड त्याला माझ्याहून बरं वाचता येतं.

तिसऱ्या कमानीतलं पिंपळाचं रोप
त्यानं हलक्या हातानं, मुळासकट काढलं.
मुळाला चिकटून आलेली चुन्याची खपली
पुसून
परत
त्याच खाचेत बसवली.