वारा फिरेपर्यंत

सासऱ्यानं बाण काढून घेतले.
"कमठा ने. खांद्याला सवय होऊ दे.
बाण नको. आधी रान बघून ये."
गोमा हिलम एवढंच बोलला
आणि फाटक्या जाळ्यात बोटं घालून
पुन्हा शिवायला बसला.

माझा जन्म खालापूरच्या वीटभट्टीवरचा.
टिचकी मारून सांगतो मी, वीट कच्ची का पक्की.
पण राजपुरी खाडीच्या या काठचा डोंगर
लग्नात पाहिला, तोही होडीतून,
आणि आता त्याच्या अंगावर चढतोय
केवणीच्या वाखाची दोरी छातीवर आडवी घेऊन,
बापाचं शिकवायचं राहिलं ते शिकायला,
तेविसाव्या वर्षी.

अजून अंधार. मतलई सुटलेली,
डोंगरावरून खाडीकडे, गार.
बायकोच्या उशीतून चोरलेला सावरीचा कापूस
चिमटीतून सोडला,
तो कानाजवळून मागं गेला.
बरं झालं.
माझा वास समुद्राला,
त्याचा, असलाच तर, मला.

सड्यावर उजाडलं तेव्हा कळलं,
कातळावर काहीच उमटत नाही.
भट्टीवर ओल्या विटेवरून कुत्रं गेलं
तर त्याचा पाय विटेबरोबर भाजून निघतो,
कुणाच्या तरी भिंतीत जन्मभर राहतो.
इथून किती गेले असतील,
एकाचाही अंगठा नाही.

मग कडेकडेनं चाललो,
जिथं कातळ संपतो आणि माती सुरू होते.
कुंभ्याच्या बुडाशी एक खूर.
दोन बोटं जुळवून दाबल्यासारखा,
माझ्या अंगठ्याएवढा.
शेळी, म्हटलं, आणि पुढं गेलो.
वीस पावलांवर थांबलो.
शेळी एकटी कशाला येईल इतक्या वर?

परत आलो. गुडघ्यावर बसलो.
एक बारकं झाड, हातभर उंचीवर साल सोललेली,
आतलं लाकूड अजून पांढरं.
आवळ्याखाली बिया, रवंथ करून थुंकलेल्या,
एक उचलली तर ओली.
ती मी खिशात का टाकली, माहीत नाही.

भेकर.
शब्द तोंडात आला, पण बोललो नाही.

पऱ्याला एका वळणावर कोंड आहे,
माणूस कमरेएवढा बुडेल इतका.
पलीकडे दाट राई. वाट तिथूनच उतरत असणार.
मी अलीकडच्या खडकावर जागा धरली,
समोर सगळं दिसतं अशी.
नुसताच कमठा ताणून पाहिला, चारदा.
हात थरथरायचा तो थरथरलाच.
भाकरी सोडली, सुकटीची चटणी,
बोटं चाटली, वाट पाहिली.

ऊन डोक्यावर आलं
आणि पाठीमागचं गवत वाकलं.
खाडीवरून खारा वारा वर चढला,
माझ्या मानेवरून, सुकटीवरून,
घामावरून, सगळं गोळा करत
राईत शिरला.
उरलेला कापूस सोडायची गरजच नव्हती.

भुंकलं ते.
एकदा. मग थांबून थांबून सात-आठ वेळा,
दर वेळी जरा लांबून.
वानरं वर सरकली, रानकोंबडी उडाली.
अख्ख्या डोंगराला कळलं
की खालापूरचा जावई आलाय
आणि त्याला अजून बसायचंही कळत नाही.

घरी आलो तेव्हा सासरा मासे विकायला गेलेला.
सुकरीनं मला उंबऱ्यावरच बसवलं,
लेंग्याला चिकटलेलं एकेक उपटू लागली.
"ही कुसळं सड्यावरची, वरल्या अंगाची.
हा आघाडा पऱ्याकाठचा.
ही लाल माती..." तिनं बोटांत चुरली,
"कोंडावर बसलास. अलीकडं. खडकावर."
मी गप्प.
"दुपारपर्यंत बसलास का?"
मी गप्पच.

ती हसली नाही. तेच बरं केलं.
कुसळांची मूठ चुलीत टाकली.
"आमी कंद खणायला जायचो तिकडं.
पलीकडनं एक वाट हाय, बाया जातात ती.
उद्या मी दाखवीन."
मग उशी उचलून हलवून पाहिली,
कोपरा चाचपला,
आणि माझ्याकडे बघितलं.