मापात पाप

एस्किलनं खोकं परत पाठवलं.
आत अर्धवट जहाज, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं:
नववी बरगडी डावीकडे फुगली आहे.
कानशीनं घासली. मोडली.
फळ्या दोन कमी पडल्या.
बाकी छान.

चाळीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस.
जास्त शब्द वापरत नाही.

वाल्बोर्ग मोडका तुकडा उजेडात धरते.
लेझरनं जाळलेली कड, जळक्या साखरेचा वास अजून.
मशीन चुकलेलं नाही.
मशीनला जेवढं सांगाल तेवढंच कापतं
आणि गप्प राहतं.

चूक असलीच तर जुनी आहे.
नकाशावर तर नाहीच:
नकाशात जहाजाची एकच बाजू असते,
दुसरी आरशातून घ्यायची,
जसं आपण न बघताच धरून चालतो
की डावा हात उजव्यासारखाच असणार.
पहिला नमुना तिनं तसाच केला होता,
गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा.

मग ऑक्टोबर आला.
मार्स्टालला भरती-ओहोटी नावालाच,
पण पश्चिमेचा वारा तीन दिवस लागला
की समुद्र उठून शेजारी जातो,
आणि चिखलात 'हान्ना' दिसते,
काळी, शिंपल्यांनी लगडलेली, पोटाशी पाणकावळा.
वाल्बोर्ग गमबूट घालून गेली होती
फक्त डेकखालच्या तुळया मोजायला.
दोरीला गाठी, पेन्सिल कानावर.
उजवी नववी मोजली. डावी नववी मोजली.
डावी चार बोटं जास्त.
पुन्हा मोजली.
चार बोटं.

कुणी सांगावं का.
ओकचं वाकडं खोड मिळालं असेल
आणि एवढं चांगलं लाकूड तासायला
हात धजला नसेल कुणाचा.
किंवा सकाळी थंडी होती, दोरी आखडली होती.
पण तांडेलाला ठाऊक असणार.
विटा भरताना उजवीकडे दोन थर जास्त,
हे काही कुठे लिहून ठेवायचं नसतं.

अठ्ठेचाळिसास एक या मापात
चार बोटांचा दीड मिलिमीटर होतो.
दीड मिलिमीटरसाठी एवढा काथ्याकूट.

संगणकावर आरशाचं बटण आहे.
तिनं दाबलं.
'हान्ना' सरळ झाली, निर्दोष,
कुणाचीही नाही अशी.
तिनं कॉफी केली. ती थंड होऊ दिली.
मग बटण मागे घेतलं.

बरगडी तीनची चार मिलिमीटर जाड केली,
रेषा आडव्या फिरवल्या, म्हणजे कानस लागली तरी तुटणार नाही,
कारण कानस लागणारच.
खाचा केसभर सैल केल्या, थरथरत्या बोटांसाठी.
आणि पुस्तिकेत, बाविसाव्या पायरीला, एक ओळ:
डावी बाजू थोडी भरलेली दिसेल. ती तशीच होती.

शिवाय दोन फळ्या जास्तीच्या.
त्या कशासाठी, हे लिहिलं नाही.

काट्यावर खोकं: दोन किलो अठरा ग्रॅम.
दोन किलोच्या पुढे टपाल दुप्पट.
तिनं सगळं टेबलावर ओतलं,
शिडाचं कापड, दोऱ्याची रिळं, कप्प्या, डोलकाठ्या,
एकेक उचलून तळहातावर तोलत बसली.
पितळी नांगर सव्वीस ग्रॅम भरला.

संध्याकाळी एस्किलचा फोन.
"नांगर नाही? नांगराशिवाय जहाज?"
"आधी बांधून तर होऊ दे," ती म्हणाली.
"थांबवायचं कसं, ते मग बघू."

तो बराच वेळ बोलला नाही.
मग विचारलं, फळ्या भिजवायच्या किती वेळ.