पाच गळ्यांची साखळी

आजोबा सांगायचे, लढाईच्या दिवसांत
विमानतळासाठी दलदल उपसताना
चिखलातून एक साखळी वर आली.
लोखंडी, जाड, अजून धडधाकट.
ट्रक रुतला की हिचंच टोक ट्रॅक्टरला अडकवायचं
आणि ती ओढायची, न कुरकुरता.
मग कुणा शहाण्याच्या नजरेला पडली
आणि तो मटकन खालीच बसला.
दोन हजार वर्षांची होती ती.
पाच कडी, पाच गळ्यांच्या मापाची.
गुलामांना एका ओळीत चालवायची.

तळ्याला वाहिली होती कुणीतरी.
ड्रुइडांनी, असं म्हणतात काहीजण.
म्हणू देत.
त्यांनी स्वतः एक अक्षर लिहून ठेवलं नाही.
वीस वीस वर्षं नुसतं पाठांतर:
नक्षत्रं, वंशावळी, निवाडे, झाडपाला,
सगळं जिभेवर.
आणि जीभ माणसाबरोबर जाते.
मागे उरली ती रोमनांची टिपणं.
म्हणजे ज्यांनी याच मॉन बेटावर होड्यांतून उतरून
देवराया तोडल्या,
मयताची ओळख पटवायला तेच.
कुठे लिहिलंय ज्ञानी, कुठे लिहिलंय नरबळी देणारे.
मला दोन्ही खरं वाटतं.
साखळी मी पाहिली आहे काचेमागे,
आणि नकळत गळ्याला हात लावला आहे.

आता आम्ही सातजण.
इद्वल, ज्याचा जन्म बंदरावर बोटींचे दोर बांधण्यात गेला.
आयरगाइन, दातांच्या दवाखान्यातली.
मी शाळेच्या स्वयंपाकघरात.
पांढरे झगे चादरींचे, मीच शिवलेले;
माझ्या काठावर अजून
एका बंद पडलेल्या हॉटेलचा शिक्का आहे.
खाली गमबूट.
आपले विधी फार तर अडीचशे वर्षांचे,
इद्वल नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकतो,
दुकानदाराने आधीच सांगावं तसं:
बाई, रंग जाईल बरं का.

मग करतेस कशाला, बहीण विचारते.
उत्तर नीट येत नाही मला.
ओकाखाली उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो.
बांडगूळ ही शिवी आहे हे विसरून
मान वर करून त्याच्याकडे बघावंसं वाटतं.
एवढंच.

त्या संपातदिनी नेस्ता आली, थेट रात्रपाळीवरून,
रुग्णालयाच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात तशीच.
इद्वलने रीतीप्रमाणे दिशांना विचारायला घेतलं:
शांतता आहे का?
आम्ही म्हणायचं, आहे.
पूर्वेला, आहे.
दक्षिणेला, आहे.
पश्चिमेकडे वळला, आणि धावपट्टीवरून
(तीच, आजोबांनी चिखल उपसलेली)
शिकाऊ वैमानिकाचं जेट उठलं.
ओकाचं पान न् पान थरथरलं.
आवाज ओसरला तेव्हा नेस्ता म्हणाली,
नाही.

हे कागदात नव्हतं.
पुढचं वाक्य कुणालाच पाठ नव्हतं.

म्हणतात, समोरासमोर ठाकलेल्या फौजांच्या मधून
ते चालत जायचे
आणि उपसलेल्या तलवारी म्यानात जायच्या.
हेही परक्याच्याच वहीतलं.
इद्वल सत्तरीचा, दोन्ही गुडघे गेलेले.
रिंगण ओलांडून तो चालत आला,
तिच्यासमोर ओल्या गवतात बसला,
बसायला बराच वेळ लागला त्याला.
थर्मास उघडला. झाकणात चहा ओतला.
कुठे नाही, त्याने विचारलं.

ती बोलत राहिली. तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड,
एक म्हातारा, एक घंटी,
आणि पुढे बरंच.
आम्ही झगे सावरत एकेक करून खाली बसलो.
मधेच तिने दोरी काढून खिशात कोंबली.
चहा गार झाला.

ती काय म्हणाली ते मला मुखोद्गत आहे.
इथे लिहीत नाही.

त्या दिवशी तीनच दिशा झाल्या.
उत्तर तेवढी राहिली.